वाटी न्यायला आलतो, घाई काही न्हाई

मु. पो. साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली
श्रावणातला तिसरा सोमवार (तारीख कॅलेंडरवर हाय, पण कॅलेंडर पिठाच्या डब्यामागं पडलंय)

आदरणीय, सन्माननीय अन् माझा नंबर ब्लॉक करून बसलेले रामजीमामा यांस,

तुमचा भाचा सुरज याचा दोन्ही हात जोडून, मान खाली घालून जय भीम. मामीलाबी जय भीम. पत्र आलं म्हणून घाबरू नका, कुणी गेलेलं न्हाई, सगळे खुशाल हायेत. तुमची शुगर कशी हाय? मामीचा गुडघा कसा हाय? चहात साखर बंद केली का अजून मामी झोपल्यावर फुटाण्याच्या डब्यामागची गुळाची भेली फोडता? (हे मी कुणाला सांगितलेलं न्हाई अन् सांगणारबी न्हाई. मामी हे पत्र वाचत असतील तर ही ओळ सोडून वाचावी.)

आधी म्हशीच्या प्रकरणाची माफी मागतो. मामा, खरं सांगतो, मला वाटलं व्हतं की ग्रुपवर चारदोन लोक हसतील अन् विषय संपंल. शेजारच्या जमनाबाईच्या म्हशीचा फोटो, खाली 'एका टायमाला दहा लिटर, घरगुती कारणामुळं विकणे' अन् तुमचा नंबर, एवढंच तर टाकलं व्हतं. रिसोडपासून जिंतूरपर्यंत दोन दिवस तुमाला फोन येतील हे मला कसं कळावं? अन् तो माणूस दावं घेऊन थेट नांदेडला तुमच्या दारात आला, त्यात माझी चूक अर्धीच हाय. अर्धी मामीची हाय, कारण मामीनं त्याला घरात बसवून चहा दिला, मंग त्याला खात्रीच पटली की म्हैस मागल्या दारी बांधलेली असंल. असो. तुमी मला ब्लॉक केलं ते बराबर केलं. म्हणून हे पत्र. बारावी नापास माणसाच्या हातचं हाय, शुद्धलेखन बघू नका, भावना बघा.

आता मूळ गोष्ट. तुमची भाची आकांक्षा पोलीस भरतीची तयारी करून राहिली हे तुमाला माहीत हाय. रोज पहाटं पुसेगावच्या रस्त्यानं पळती, मंग गोळा फेकती (गोळा म्हणजे लतीफभाईच्या पंक्चरच्या दुकानातलं जुनं वजन, मी तिथंच कामाला हाय, रोज पिशवीतून आणून रोज परत ठेवतो). तर जून महिन्यात एक दिवस पळता पळता ती रस्त्यातच बसली अन् बसल्या जागी आडवी झाली. मी सायकलवर मागं व्हतो. मला वाटलं ही माझीच थट्टा करून राहिली, कारण आमच्या घरात पडायचं नाटक आजपर्यंत मीच केलंय. म्हणून मी पाच मिनिट लांबूनच टाळ्या वाजवल्या. ते मला अजून आठवलं की बरं वाटत न्हाई, पण ते राहू द्या. सेनगावच्या दवाखान्यात रक्त तपासलं, तर साडेआठ. डॉक्टर मॅडम म्हणल्या, पोरीच्या अंगात रक्तच न्हाई, ही पळून कशावर राहिली? लाल गोळ्या दिल्या, त्या फुकट व्हत्या. मंग एका चिठ्ठीवर खायचं लिहून दिलं, ते फुकट नव्हतं. अंडी, दूध, दही, पालेभाजी, शेंगदाणे, गूळ, खजूर, डाळिंब, सफरचंद. आई चिठ्ठीकडं अशी बघत राहिली की जशी काय लग्नाची मोठी यादीच.

निंदायचे दिवस व्हते, आई सकाळी सातला बायांच्या टोळीत जायची ते दिवस मावळायला घरी. म्हणून तिनं आठवड्याच्या किराण्याचे पाचशे रुपये माझ्या हातात दिले अन् म्हणली, सुरज्या, तेल, तूरडाळ, चहापत्ती अन् पोरीचं खाणं, सगळं ह्याच्यात बसव. मामा, माझ्यावर इतका विश्वास आजपर्यंत कुणी टाकला नव्हता, अन् का टाकला नव्हता हे मी त्याच दिवशी सिद्ध केलं. मोबाईलवर एक बाई सांगत व्हती, कमी पैशात पौष्टिक खा. मी मन लावून ऐकलं. ती म्हणली, सकाळी उठल्यावर अर्धा अवोकाडो घ्या. मी सेनगावच्या फळवाल्याला विचारलं तर तो म्हणला, ते आमी ठेवत न्हाई, ते उपासाला चालतं का? मंग म्या चिठ्ठीतलं शेवटचं नाव वाचून सफरचंदं घेतली. किलोभर. अन् किलोभरात बसली पाच. उरलेल्या पैशात डाळ आली, चहापत्ती आली, तेल न्हाई आलं. तो आठवडा आमी बिनफोडणीचं वरण खाल्लं. आई रोज एक घास घ्यायची अन् फडताळातल्या सफरचंदाकडं बघायची. ती बोलली असती तर परवडलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात मी डोकं लावलं. आईनं मागच्या साली काढणीनंतर रानात सांडलेला सरवा वेचून आणलेलं पायलीभर सोयाबीन व्हतं. मोबाईलवर दुसऱ्या एका माणसानं सांगितलं की सोयाबीनचं दूध म्हणजे ताकदच ताकद. मी रात्रभर भिजवलं, सकाळी पाट्यावर वाटलं, फडक्यातून पिळलं अन् गिलासभर आकांक्षाला दिलं. (उकळायचं असतं, हे त्या माणसानं व्हिडिओच्या शेवटी सांगितलं व्हतं. शेवटपर्यंत कोण बघतं?) त्या दिवशी आकांक्षानं आठशे मीटर आजपर्यंतचं सगळ्यात लवकर मारलं, पण ग्राउंडवर न्हाई, नाल्याकडं. परत येऊन तिनं मला तांब्या फेकून मारला, अन् मामा, नेम एकदम बराबर. त्या दिवशी मला कळलं की गोळाफेकीत ती पास व्हणार.

म्हणजे बघा, पंधरा दिवस झाले, पोरीच्या पोटात चिठ्ठीतलं काहीच न्हाई अन् भरतीचं ग्राउंड पोळ्याच्या पाचव्या दिवशी. आईला म्हणावं तर ती कुणापुढं हात पसरणार न्हाई. बाबा गेले तवा तुमी महिन्याला काही पाठवतो म्हणलात, तर काय म्हणली ती आठवतं ना? माझ्या भावाला त्याचा संसार हाय. तेच ती आजबी म्हणती, फक्त नाव बदलून. दुकानदाराला त्याचा संसार हाय, शेजारणीला तिचा संसार हाय. आपल्या घराला काय हाय, हे मात्र ती कधी सांगत न्हाई.

अन् मंग, मामा, तो दिवस आला! काय झालं, मी परसातल्या शेवग्याचा पाला ओरबाडून भाजी केली. शेवगा फुकट, पाला फुकट, अन् डॉक्टर मॅडमनीच सांगितलेली पालेभाजी. भाजी जरा जास्त झाली (मला अंदाज येत न्हाई, पाला शिजल्यावर इतका कमी व्हतो हे कळलं म्हणून दुसऱ्यांदा तोडला, तर तो कमीच व्हईना). आई म्हणली, एक वाटी हाजराबीला देऊन ये, म्हातारीला आवडती. हाजराबी म्हणजे आमच्या लतीफभाईची आई, तुमी ओळखता, तिच्याकडं बारा-पंधरा कोंबड्या हायेत. मी वाटी देऊन आलो. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली अन् वाटीत चार अंडी! मी आईला म्हणलो, हे काहून? आई चुलीकडंच तोंड ठेवून म्हणली, "रिकामी वाटी कोण परत करतं व्हय रे?"

मामा, ते वाक्य ऐकून माझ्या डोक्यात अशी लाईट लागली की गावातली गेली असती तरी मला दिसलं असतं. रिकामी वाटी कुणीच परत करत न्हाई! आपण लहानपणापासून बघतो, पण कुणी ध्यान दिलं का? जिच्या घरी वाटी जाती ती दुसरं काही नसलं तर चिमूटभर साखर टाकून देती, पण रिकामी देत न्हाई. म्हणजे फुकटचा पाला शिजवून आपण वाटी पाठवायची, अन् ज्या घरी जे हाय ते वाटीत बसून आपसूक घरी यायचं. मागायचं न्हाई, उधार न्हाई, हात पसरायचा न्हाई. सरकारनं इतक्या योजना काढल्या, ही एक त्यांना सुचली न्हाई.

मी लगेच तीन घरं निवडली. (कुणाच्या घरी आपली वाटी चालती अन् कुणाच्या घरी न्हाई, हे आईला तोंडपाठ हाय, तिच्याकडूनच मला. मी चालणाऱ्या घरीच गेलो.) हाजराबीकडं अंडी. जमनाबाईकडं म्हैस, म्हणजे दही. तीच म्हैस, मामा, फोटोतली. तुमच्या नावावर विकायला काढली व्हती तरी तिनं राग धरला न्हाई. अन् तिसरी मिराबाई, कुलदीपची आई, तिच्याकडं उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा पोत्यानं अन् गुळाची ढेप. चिठ्ठी झाली का न्हाई पूर्ण? डाळिंब तेवढं राहिलं, ते आपल्या गल्लीत कुणाकडंच न्हाई.

आता यातली कारागिरी ऐका. पहिल्या आठवड्यात मला कळलं की परत येणारा माल हा भाजीवर ठरत न्हाई, भांड्यावर ठरतो. वाटी पाठवली तर वाटीभर दही. गंज पाठवला तर बाई बिचारी गंजाकडं बघती, मंग दह्याकडं बघती, अन् एवढ्या मोठ्या गंजात एवढंसं दही कसं दिसंल म्हणून अजून एक पळी टाकती. मंग मी भाजी कमी अन् भांडं मोठं करत गेलो. शेवटी शेवटी तर आईच्या लग्नातलं दोन शेराचं पातेलं, अन् त्याच्या बुडाला मूठभर भाजी, अशी की झाकण काढल्यावर आधी खाली वाकून बघावं लागायचं. कुणी भांडं परत करायला उशीर लावला तर मी दारात जाऊन उभा राहायचो अन् म्हणायचो, वाटी न्यायला आलतो, घाई काही न्हाई. हे म्हणून हलायचं न्हाई, एवढंच त्यात शिकण्यासारखं हाय. कधी आपलं भांडं सापडलं न्हाई तर बायका त्यांचंच भांडं भरून द्यायच्या, म्हणजे आमच्या घरात जमनाबाई, मिराबाई अशी नावं कोरलेली भांडी जमायला लागली. ती मी खाटेखाली सारायचो. आईला दिवसा घरी राहायला वेळच नव्हता.

वरून श्रावण लागला! मामा, श्रावण लागला अन् निम्म्या गावानं अंडी सोडली. पण कोंबडीला काय कळतं श्रावण का आषाढ, ती आपली घालूनच राहिली. हाजराबीकडं अंड्यांची रास. मी रोज पातेलं. आकांक्षा सकाळी दोन अंडी, दुपारी ज्वारीची भाकर, शेवगा अन् दही, पळून आली की गूळ-शेंगदाणे. तिनं विचारलं, हे कुठून येऊन राहिलं? मी म्हणलो, डोक्यातून. महिन्यानं परत रक्त तपासलं, साडेआठचं दहाच्या वर गेलं. डॉक्टर मॅडमनी मला विचारलं, काय खाऊ घातलंस? मी म्हणलो, सफरचंद. (खरं सांगितलं असतं तर त्यांनी दवाखान्यातबी पातेलं मागवलं असतं.) आठशे मीटर आधी पावणेचार मिनिटाला मारायची ती सव्वातीनवर आली. तिला तीनच्या आत यायचंय.

इथपर्यंत वाचून तुमी म्हणाल, पोरगं सुधारलं. थांबा.

त्या दिवशी टोळी भागवतच्या मळ्यात व्हती. दुपारी सगळ्या बाया बाभळीखाली भाकरी सोडून बसल्या. (हे मला नंतर जमनाबाईनं सांगितलं, अन् सांगता सांगता हसून हसून तिला ठसका लागला.) जमनाबाईनं फडकं सोडलं, शेवग्याची भाजी. मिराबाईनं सोडलं, शेवग्याची भाजी. आईनं सोडलं, शेवग्याची भाजी. तिन्हीकडं तोच पाला, तेच लसणाचे जाड जाड तुकडे (मला बारीक चिरता येत न्हाई). टोळीतली एक बाई आईला म्हणली, "काहून वं चांगुणे, गावाला खानावळ लावलीस काय?" जमनाबाई झटकन म्हणली, न्हाई वं, माझ्याबी परसात शेवगा हाय. मामा, जमनाबाईच्या परसात एक म्हैस अन् एक मोरी, बाकी गवताची काडी न्हाई. आईनं तिच्या तोंडाकडं बघितलं, मिराबाईच्या तोंडाकडं बघितलं, अन् भाकर बांधून ठेवली. खाल्ली न्हाई.

संध्याकाळी आई घरी आली अन् थेट खाटेखाली वाकली. तिनं खाटेखालची भांडी एकेक करून काढली अन् ओट्यावर ओळीनं मांडली. पाच भांडी, नावं तिघींची, कारण हाजराबीचंबी एक निघालं. मला म्हणली, मागून आणलंस? मी म्हणलो, मागितलं न्हाई, भाजी दिली. ती म्हणली, "मुठीची भाजी अन् दोन शेराचं पातेलं, त्याला मागणंच म्हणत्यात. गुपचूप मागणं." मामा, मी आजपर्यंत लय बोलणी खाल्लीत, तुमची तर फोनवर सव्वा तास खाल्लीत, पण ह्या एका वाक्यानं मला वरवंट्याखाली गेल्यासारखं झालं. त्याहून वाईट म्हणजे आकांक्षा दारात उभी राहून ऐकत व्हती. दुसऱ्या दिवशी तिनं अंडं बाजूला सारलं. दही बाजूला सारलं. म्हणली, लोकाच्या जिवावर मला वर्दी नको. नुसत्या भाकरीवर पळायला गेली अन् दोन दिवसात सव्वातीनची साडेतीनवर आली. तिसऱ्या दिवशी परत त्याच जागी रस्त्यात बसली. या वेळी मी टाळ्या वाजवल्या न्हाईत. सायकल टाकून पळालो.

आईनं काय ठरवलं, की एकदाची सगळी फेड करून टाकायची. उन्हाळ्यात केलेल्या मुगाच्या वड्या, कुरड्या, जे काही वर्षाचं व्हतं ते काढलं, पाचही भांडी तोंडापर्यंत भरली अन् माझ्या डोक्यावर देऊन सांगितलं, ज्याचं त्याला देऊन ये, अन् सांग, चांगुणानं सांगितलंय की आजपासून कुणाचं भांडं आमच्याकडं न्हाई अन् आमचं कुणाकडं न्हाई. मी देऊन आलो. निरोपबी दिला. आईला वाटलं, संपलं.

पण मामा, आई विसरली. इतकी हुशार बाई, पण विसरली! भरलेलं भांडं घरी आलं तर त्या बाया गप बसतील का? दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत मिराबाईचा कुलदीप दारात, हातात ताटली, ताटलीत गुळाचा खडा अन् शेंगा. वड्या लय चांगल्या झाल्या म्हणून सांगितलं, म्हणला. मागून जमनाबाई स्वतः, दह्याचा गंज घेऊन. आईचं तोंड बघण्यासारखं झालं. तिनं ती भांडी रिकामी करून परत भरली, या वेळी ज्वारीच्या लाह्या. त्या परत आल्या ताकाच्या रूपानं. आईनं आंबाडीची भाजी पाठवली, तिकडून जवसाची चटणी आली. तीन दिवस, मामा, तीन दिवस आमच्या गल्लीत भांड्यांचं असं युद्ध पेटलं की मला दुकानावर जायला सवड न्हाई. एक भांडं देऊन येतो तर दुसरं तयार. जमनाबाईचा नातू मला वाटेत भेटायचा, त्याच्या हातात आमचं भांडं, माझ्या हातात त्यांचं, दोन्ही भरलेली, दोघंबी वैतागलेले. हाजराबीच्या घरी मुगाच्या वड्या, मिराबाईच्या घरी लाह्या, आमच्या घरी अंडी, अन् सगळ्यात खूश कोण असंल तर लतीफभाई, त्याला रोज ताट बदलून. यात हार कुणाची व्हईना, कारण जो रिकामं भांडं परत करील तो हरला, अन् रिकामं भांडं परत करायची हिंमत गावात कुणाच्यात न्हाई.

चौथ्या दिवशी आईच्या वड्या संपल्या. फडताळात हाजराबीचं पातेलं उभं, अन् त्यात घालायला काहीच न्हाई. तूरडाळ घातली असती तर आमचा आठवडा गेला असता. आईनं वड्यांचा रिकामा डबा उपडा करून बघितला. मंग पदर खोचला अन् मला म्हणली, चल. रिकामं पातेलं घेऊन ती हाजराबीच्या दारात गेली. मी मागं. मामा, माझ्या आयुष्यात आईला रिकामं भांडं घेऊन कुणाच्या दारात मी बघितलं नव्हतं. तिनं ते उंबऱ्यावर ठेवलं अन् म्हणली, बी, माझ्याच्यानं व्हईना. पोरानं तुमाला फसवलं, मला माफ करा.

हाजराबी लसूण सोलत बसली व्हती. तिनं पातेल्याकडं बघितलंबी न्हाई. म्हणली, "बैठ चांगुणा. मला फसवायला ह्या पोट्ट्याला अजून दाढी यायचीय. भाजी एवढीशी, पातेलं एवढं, मला पहिल्या दिवशीच कळलं. रोज आकांक्षा माझ्या दारावरून पळती, अन् परत येताना भिंत धरून येती, ते मला दिसत न्हाई काय? मी दोनदा अंडी घेऊन तुझ्या दारापर्यंत आली अन् परत गेली. तू घेतली असतीस? सांग. न्हाई घेतली असतीस. म्हणली असतीस, बीला तिचा संसार हाय. पातेलं आलं तर बरं झालं. वाटीतून दिलं तर तुला न्हाई म्हणता येईना." मंग माझ्याकडं बघून म्हणली, "जमनाबाईलाबी माहीत, मिराबाईलाबी माहीत. आमी तिघींनी मिळून ठरवलं व्हतं, कुणी दही द्यायचं, कुणी शेंगा. ह्याला वाटलं, ह्यानंच ठरवलं."

मामा! मी! म्हशीचा मालक बनवून तुमाला दोन दिवस नाचवणारा मी! महिनाभर तीन बायांनी मला सगळ्या गावात पातेलं घेऊन फिरवलं अन् मला पत्ता लागला न्हाई. वाटी न्यायला आलतो, घाई काही न्हाई, असं मी दारात उभं राहून म्हणायचो, तवा आत त्या पदर तोंडाला लावून हसत असतील.

आईच्या डोळ्याला काय झालं ते मी बघितलं न्हाई, मी कोंबड्यांकडं बघत व्हतो. मंग ती म्हणली, बी, भाजीत मीठ बराबर असायचं का? हाजराबी म्हणली, कुठलं बराबर, एक दिवस खारट, तीन दिवस अळणी, महिनाभर तुझ्या पोरीसाठी आमी काय काय गिळलं तुला काय सांगू. आई म्हणली, उद्यापासून मी करते. अन् पातेलं घेऊन उठली, तर हाजराबीनं हात धरला, पातेल्यात सहा अंडी ठेवली, अन् मंग सोडला.

घरी येऊन आईनं अंडी उकडायला ठेवली अन् आकांक्षापुढं ताट ठेवून एवढंच म्हणली, खा, ती काही फुकटची न्हाईत, उद्या मला चार घरचा पाला निवडायचाय. आकांक्षानं खाल्ली. आता आई पहाटंच उठून चार घराची भाजी करती, लसूण बारीक, मीठ बराबर, भांडं काठोकाठ. आकांक्षा काल तीन मिनिट चार सेकंदावर आली. अजून पाच सेकंद काढायचेत. दम आता पुरून राहिला, भोवळ न्हाई, तकलीफ एकच, तिचा उजवा बूट. त्याचा तळवा निम्म्यातून सुटला. मी त्याला आपल्या दुकानातला ट्यूबचा तुकडा सोल्यूशन लावून चिकटवला, एकदम पंक्चर काढल्यासारखा, पण तीनशे मीटरच्या पुढं तो सुटून फटफट वाजतो. लतीफभाई म्हणतो, लांबून वाटतं कुणाची तरी बुलेट येऊन राहिली. पण ते जाऊ द्या, तुमाला सांगायचं म्हणून सांगितलं.

तर मामा, अशी सगळी खुशाली हाय. मला मागायचं काहीच न्हाई. मागणं आमच्या घरात चालत न्हाई, हे तुमाला माझ्याहून जास्त माहीत. मामीला पुन्हा जय भीम. गुळाची जागा बदला, ती जागा आता जुनी झाली.

तुमचा, म्हैस सोडून बाकी सगळ्या बाबतीत भरवशाचा भाचा,
सुरज

ता. क. पत्रासोबत भागवतच्या हातून एक डबा पाठवतोय. (त्याचा मळा मोठ्या भावाकडं हाय, तो स्वतः हिंगोली-नांदेड गाडीवर कंडक्टर हाय.) डबा ओळखू येईल. आईच्या लग्नात तुमीच दिला व्हता, झाकणावर अजून 'चांगुणास, भाऊ रामजीकडून' असं लिहिलेलं हाय. शेवग्याचा वाळवलेला पाला हाय त्यात, शुगरवाल्याला चांगला असतो म्हणत्यात. डबा जरा मोठा झाला अन् पाला बुडाला दिसंल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. भागवत शुक्रवारी परत येतो. डबा त्याच्याकडं द्यावा. घाई काही न्हाई.

ता. क. दोन. सहज सांगतो, आकांक्षाचा पाय पाच नंबरचा हाय. मी डबा मोजून बघितला, पाच नंबरचा जोड त्यात आडवा बराबर बसतो. अन् हेबी सहज सांगतो, त्या म्हशीचा फोटो अजून माझ्या मोबाईलमधी हाय.

ता. क. तीन. पत्र बंद केलं व्हतं, पुन्हा उघडलं. सकाळी मी दुकानावर निघताना आईला तो डबा सापडला. मी म्हणलो, मेलो. आता ती मला गुपचूप मागणं म्हणजे काय ते पुन्हा सांगणार. पण तिनं झाकण काढून आत बघितलं अन् म्हणली, माझ्या भावाला बुडाला पाला पाठवतोस व्हय रे? बुटाचा नंबर लिहिल्याचंबी मी कबूल करून टाकलं. मंग ती हाजराबीकडं गेली, आमच्याच वड्या शिल्लक व्हत्या त्या उसन्या मागून आणल्या (मागून, मामा! स्वतः!), लाह्या टाकल्या, जवसाची चटणी टाकली, डबा तोंडापर्यंत भरला. मंग आकांक्षाला हाक मारली, वहीच्या कागदावर तिचा पाय ठेवायला लावला अन् पेन्सिलीनं भोवती रेघ मारली. म्हणली, नंबरचा काय भरवसा, कंपनी कंपनीचा येगळा असतो. तो कागद तिनं घडी करून सगळ्यात वर ठेवला अन् झाकण दाबून लावलं.

मला म्हणली, "मामाला लिही, कागद आधी काढ म्हणावं. चटणीचं तेल लागंल."